तोरण्याच्या अलीकडचे तारे

प्रिय सम्राट,

पासलीच्या वेधशाळेत आता मी एकटीच आहे. अंगणाच्या दोन टोकांचे कॅमेरे एकाच क्षणी सुरू करायला दोघं लागतात. तू नोकरी सोडून गेल्यापासून मी डावा सुरू करते आणि धावत उजव्याकडे जाते. तेवढ्यात आकाश किंचित सरकतं, आणि दोन डोळ्यांसारखी ती दोन चित्रं जुळवली की ताऱ्यांची अंतरं चुकतात.

काल दुपारी शेळ्या बांधून सारजाबाई बघायला आल्या. रात्रीची दोन्ही चित्रं एकत्र दाखवणाऱ्या दोन भिंगांच्या पेटीला डोळे लावले आणि ओरडल्या, "अगं बया! चांदण्या तोरण्याच्या अलीकडं आल्या की! तुजा जोडीदार हुता तवा लई लांब असायच्या."

"चूक झालीय, मावशी."

"असू दे की. हात लावावा वाटतोय."

तारे डोंगराच्या पार मागे दिसायला हवेत. हे चुकीचं चित्रण पुसायला हवं, पण माझ्याच्याने पुसवत नाही. असलं खोटं जवळपण आवडावं, याची लाज वाटते.

परत ये, असं तुला कधी म्हणाले नाही. हेही पत्र पाठवणार नाही बहुधा. तू आलास तर हे तारे पुन्हा लांब जातील.

जाऊ देत.

तुझी,
संजीवनी