विमान वजनावर विकू नये

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, हात थरथरू लागल्यामुळे आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर करत आहे. लिहून घेणाऱ्या वकीलबाई आहेत, शब्द माझे आहेत. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वभावाचा दाखला कोणी देणार नाही. गल्लीत मला 'रंधा' म्हणतात, कारण मी तोंड उघडले की समोरच्याचे सालपट निघते.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द झाले असे समजावे. ते का केले होते हे सांगितल्याशिवाय हे कळणार नाही, म्हणून तिसरे कलम लांबले आहे. वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याला एवढ्याची गरज नाही." मी म्हटले, "कायद्याला नसेल, मला आहे."

१. राहते घर, मागची शेड आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पत्नीचे. तिच्या पश्चात मुलाचे. ती हयात असेपर्यंत शेड रिकामी करण्याची भाषा मुलाने किंवा सुनेने काढू नये.

२. माझे रंधे, पटाश्या, करवती आणि गुण्या शेवटच्या गल्लीतल्या खुर्च्या विणणाऱ्या बाईंना द्यावेत. त्या हत्यार उसने नेत आणि धार लावून परत करत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

३. विमान. माझी पत्नी रुग्णवाहिकेवर परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर तिने उडवण्याचा परवाना मिळवला आणि सुट्या भागांचे दोन आसनी विमान मागवले. खोकी आली, गल्ली बघायला जमली आणि मला लाज वाटली. तिची, माझी नव्हे. बायको म्हातारपणी पत्र्याचे खेळणे जोडत बसणार आणि लोक मला विचारणार, हे मला सहन होईना. तरीही पावतीवर नाव मी माझेच घालायला लावले.

ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ असतो. त्याच्यावर कारखान्याची अक्षरे छापलेला निळा प्लास्टिकचा पापुद्रा येतो, तो वेळ येईपर्यंत काढायचा नाही. कापडाने मढवलेल्या बाकावरच पत्रा ठेवायचा, दोघांनी उभा धरून न्यायचा, घासत ओढायचा नाही. खूण करायची ती बारीक मार्करने. डावा, उजवा, पुढची बाजू, सगळे त्या त्या भागावर लिहायचे, कारण डाव्या-उजव्या पंखांतल्या फासळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात आणि एकमेकींच्या जागी बसत नाहीत. हे सगळे तिने शिकून घेतले होते. मी कानामागची पेन्सिल काढली आणि पंखाच्या पत्र्यावर सरळ रेघ ओढली.

मुलगा आणि शेजारचा बेकरीवाला तिथेच होते. ती म्हणाली, "अहो, शिसपेन्सिल नको. शिसं राहतं तिथं धातू खाल्ला जातो."

"उभा जन्म रेघा मारण्यात गेला माझा! तू मला शिकवणार?"

"लाकडातलं नाही शिकवत. पत्र्यातलं सांगते."

बेकरीवाला हसला. एवढेच कारण. दुसऱ्या दिवशी मी पहिले मृत्युपत्र केले: माझ्या पश्चात विमान, पुरे असो वा अपुरे, भंगारात वजनावर विकावे. संध्याकाळी जेवताना ते तिला वाचून दाखवले. तिने ताटातला घास संपवला आणि म्हणाली, "तुम्ही जाईपर्यंत माझं पूर्ण होईल. सावकाश जा."

पुढे माझा उजवा हात कापू लागला. पटाशी धरवेना. मी अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरत बसू लागलो. एके सकाळी ती हातमोजे घेऊन आली. "मला दुसरा माणूस लागतो. पत्रा एकटीला धरवत नाही." मुलगा दर रविवारी येऊन धरतो हे मला माहीत होते. तरी गेलो. तिने मला कडा घासायचे काम दिले. कापलेल्या पत्र्याची कड करवतीच्या दातांसारखी असते, तिथून भेग धरते. कानशीने घासून, बोट फिरवून बघत ती गुळगुळीत करायची. ते डाव्या हाताने जमत होते. महिन्याभरात मी तोंडातल्या तोंडात गाणेही म्हणू लागलो.

मग एका दुपारी ती बाजारात गेली असताना, मला अजून जमते हे दाखवायला, मी पंखाचा वरचा पत्रा एकट्याने उचलला. हात हलला. पापुद्रा एका कडेने सुटला होता, तिथेच बाकावरच्या, काम आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीचा कोपरा लागला. वीतभर ओरखडा. नख अडकेल एवढा खोल.

मी पापुद्रा पूर्ण सोडवला, पत्रा पुसला आणि पापुद्रा परत चिकटवून ठेवला. बाकीचे सगळे रागात केले असे म्हणता येईल. हे थंड डोक्याने केले.

दोन दिवसांनी तिने तो पत्रा घेतला. पापुद्रा सोलला, ओरखड्यावरून नख फिरवले. "हे कधी झालं?"

"कारखान्यातूनच आलं असेल तसं."

तिने माझ्याकडे पाहिले. मग लाल मार्करने ओरखड्याभोवती गोल काढला, शेजारी लिहिले 'वापरू नये', आणि म्हणाली, "दुसरा येईपर्यंत शेपटीचं काम करू." चहा टाकायला आत गेली.

तो चहा मी शेडमागे ओतून दिला. रात्रीच्या जेवणाआधी मी सांगितले, "मीच केलं ते."

"माहीत आहे. पापुद्र्यावरची अक्षरं उलटी आली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते." ती भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. "रागवायला मला वेळ नाही. एकच सांगा. मला सापडलं नसतं तर? त्यात मी बसणार होते."

इतकी वर्षे मला लोक काय म्हणतील याची लाज वाटत होती. खरी लाज काय असते ते त्या स्वयंपाकघरात, भाजीच्या परातीसमोर कळले. लोक नव्हते, ती एकटीच होती आणि ती ओरडतही नव्हती.

विमान पुरे झाले आणि शेवटच्या पाहणीला तपासनीस आले. पंखाच्या कडांवर बोट फिरवून त्यांनी विचारले, "कडा कोणी केल्या? फार सुरेख आहेत." ती लगेच म्हणाली, "ह्यांनी." भुई दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटून मी शेडबाहेर जाऊन उभा राहिलो.

म्हणून असे जाहीर करतो की ते विमान माझ्या इस्टेटीत धरू नये. पावती काही म्हणो, ते कधीच माझे नव्हते. आम्ही दोघांनी ते बांधले असे माझ्यामागे कोणी, विशेषतः माझ्या बाराव्याला जेवायला येणाऱ्या नातेवाइकांनी, म्हणू नये. तिने बांधले.

लाल गोल असलेला पत्रा मुलाला द्यावा. माझा स्वभाव त्याच्याकडे आधीच गेला आहे, त्याबरोबर हाही जावा.

४. बेकरीवाल्याने चारचौघांत म्हटले होते, "वहिनींचं विमान उडालं तर गल्लीला पाव फुकट." पहिल्या उड्डाणाची तारीख ठरली आहे. माझी बायकोशी नाही तरी त्याच्याशी भांडायची हौस अजून आहे. त्याने भट्टी मोठी पेटवावी.

५. पहिल्या फेऱ्या ती एकटी करणार आहे. "सगळं ठीक वाटलं की तुम्हाला नेते," म्हणाली. मी तिथवर पोचेन की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तेव्हा शेवटची सूचना, आणि ही मुलाने अक्षरशः पाळावी. माझा श्वास थांबला त्या वेळी ती वर असेल, तर रेडिओवरून तिला काही कळवू नये. खाली बोलावू नये. कोणी धावपट्टीवर तोंडे पाडून उभे राहू नये. ती तिच्या मनाने उतरेल. विमान पुसून, झाकून होऊ द्यावे. मग, हात धुऊन ती निवांत बसली की, सांगावे. मला घाई नसेल.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मला समजले, आणि साक्षीदारांसमक्ष मी डाव्या हाताने सही केली. उजव्याची जुनी सही बँकेत आहे, ती जुळणार नाही. तरीही ही माझीच.

सही: रंधा, सुतार

साक्षीदार १: शेजारचा बेकरीवाला
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर

ठिकाण: राहत्या घरामागची शेड
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो