मुलांच्या वाडग्यात जास्त भात

जॉन्जू
गुरुवार, २१ नोव्हेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं

प्रिय सुंगमोक,

घरमालकीणबाईंच्या किमचीसाठी लसूण सोलत बसलो होतो. अर्धी टोपली झाल्यावर उठलो, हात धुतले, तरी वास जात नाही. कागदाला लागला असेल तर चालवून घे. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. छोरवॉनला बादलीतलं पाणी आत्ताच गोठायला लागलंय हे वाचून वाईट वाटलं. त्याखाली वेगळ्या शाईत लिहिलेलं वाचून काय वाटलं ते सांगायला हा आठवडा लागला. येराम त्या दोग्यॉमबरोबर फिरते का, तू तिच्या वर्गात आहेस, नीट बघून कळव, तसं असेल तर मीच तिला मोकळी करतो, असं तू लिहिलंस. म्हणजे निकाल माझ्या एका ओळीवर ठेवलास.

गुडघ्यामुळे सक्तीच्या सैन्यसेवेतून मला परत पाठवलं, म्हणून तू तिकडे छावणीत आणि मी इकडे कॉलेजात, हे तुला माहीत आहेच. शाळेत मी वेल्डिंग शिकलो, गणित जवळजवळ नाहीच, आणि आता पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र सक्तीचं आहे. परिकल्पनेची चाचणी मला अशी समजली: फरक काहीच नाही असं धरून चालायचं. त्याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग मोजायचं, आणि नुसत्या योगायोगाने असे आकडे येणं फारच अवघड दिसलं, तरच ते धरलेलं सोडायचं. नाही सुटलं, तरी फरक नाही असं सिद्ध होत नाही. पुरावा मिळाला नाही, एवढंच.

आमच्या गटात तिघं: मी, येराम आणि दोग्यॉम. विषय येरामला सुचला. कॉलेजच्या खानावळीतली मावशी मुलींपेक्षा मुलांना भात जास्त वाढते का? वाडगा घ्यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर वजन करायचं, मग जेवायचं. मावशीला दुसऱ्याच दिवशी पत्ता लागला. डाव उगारून ती सगळ्यांदेखत ओरडली, "माझ्या भाताला तराजू लावता? उद्यापासून मोजून दाणे वाढते, मग रडा!" येराम म्हणाली, "मावशी, रागावू नका ना, हा आमचा अभ्यास आहे." तर मावशी म्हणते, "अभ्यासाला माझाच भात सापडला? तुझ्या सरांचं पोट मोज की!" येराम हसली, आणि तिच्याहून मोठ्याने दोग्यॉम हसला. तो उंच आहे, इस्त्रीचा शर्ट घालतो, मला आदराने तेशिकदादा म्हणतो. त्याने म्हटलेलं दादा मला टोचतं.

पुढच्या आठवड्यात मावशी एकाएकी निवळली. त्याच आठवड्यापासून मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ती दोघंही गायब व्हायला लागली. वजनं मी एकटाच करायचो. संध्याकाळी येराम यायची ती थकलेली, गाल लाल झालेले, आणि कुठे होतीस विचारलं की म्हणायची, "तुला कशाला चौकशा?" दोग्यॉमच्या बाह्या भिजलेल्या असायच्या. एकदा दोघं एका छत्रीतून आली. छत्री त्याची होती आणि तिचा खांदा कोरडा होता. हे सगळं मी तुला लिहिणार होतो. मनात वाक्यंसुद्धा तयार होती.

सादरीकरण मंगळवारी होतं. जो काम करत नाही त्याचं नाव पहिल्या पानावरून काढायचं, हा आमच्याकडचा रिवाज तुला ठाऊक आहे. मी दोग्यॉमचं नाव काढलं, आणि येरामला विचारलं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दोनच नावं उमटली, माझं आणि तिचं. खरं सांगतो, ती शेजारी शेजारी बघून मला बरं वाटलं. दोग्यॉम तराजू हातात घेऊन तसाच उभा राहिला. "दादा, माझं राहिलं का?" एवढंच म्हणाला. येरामने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं तिने तुझ्याकडे कधी पाहू नये.

मग आकडे आले. मुलांच्या वाडग्यात भात जास्त, निष्कर्ष ठाम. संख्याशास्त्राचे प्यॉन सर शांतपणे म्हणाले, "चाचणी एकतर्फी केलीस. म्हणजे मुलींना जास्त मिळत असेल ही शक्यता विचारातच घेतली नाहीस. हे कधी ठरवलंस? मोजायच्या आधी, की आकडे बघून?" मी म्हणालो, बघून. "दोन्ही बाजूंनी करून बघ." केली. निष्कर्ष गळून पडला. "बाळा," सर म्हणाले, "तुला जे सापडायला हवं होतं तेवढंच तू शोधलंस."

बाहेर पडल्यावर येराम भडकली. "तुला डोळे आहेत का रे? मावशीने वजन करू द्यावं म्हणून हा दोग्यॉम आठवड्यातून दोन दुपारी तिची ताटं घासतो! तू एकदा तरी विचारलंस?" आणि तू, मी म्हणालो, तू कुठे असतेस? ती थोडी शांत झाली. मग म्हणाली, "गाडी शिकते. पहिल्या परीक्षेत नापास झाले, म्हणून कुणाला सांगितलं नाही. बसने छोरवॉनला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो आणि त्याच्यासमोर जेमतेम तासभर बसायला मिळतं. सुंगमोकला सांगितलंस तर बघ."

तिचा शब्द मोडून सांगतोय, कारण तू तिला सोडायला निघाला आहेस.

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोग्यॉमवर जळत होतो तेव्हा निदान त्याचा शर्ट होता, त्याचं हसणं होतं, राग धरायला काहीतरी होतं. आता तू आहेस. शाळेत माझ्यासाठी मार खाल्लेला, आत्ता थंडीत पहाऱ्यावर उभा असलेला. ती तुझ्यासाठी गाडी शिकते आहे, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मला ते दिसलं नाही, कारण मला ते दिसायला नको होतं. तू तिला सोडावंस अशीच माझी इच्छा होती. कॉलेजातल्या पहिल्या तासापासून आहे. तिला यातलं काही माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. पण तुला न सांगता तुझा पहारेकरी म्हणून तिच्या शेजारी बसलो, तर पुढच्या प्रत्येक पत्रात मी एकाच बाजूचं मोजून पाठवीन, आणि तू विश्वास ठेवशील. म्हणून हे पत्र. यापुढे मला काही विचारू नकोस. संध्याकाळी छावणीत फोन हातात मिळाला की तिलाच विचार, आणि हे पत्र मिळेल त्याच दिवशी विचार, उशीर झाला तर कदाचित हे लिहिल्याचा मला पश्चात्ताप होईल.

तू नको म्हणेपर्यंत तुझाच,
तेशिक