चीज धरतं तसं हाड

६ फेब्रुवारी, मंगळवार
ट्रुडी इस्पितळातून घरी आली! सात महिन्यांची नात माझी, हसते लोण्यासारखी, पण हाडं मऊ. सून लिझबेट तिला उशीसकट उचलते. योहान म्हणाला, "आई, घे ना जरा." म्हटलं, हात पिठाचे आहेत. — नव्हते.

अकरा नातवंडं झाली, एकालाही मी दुपट्यात गुंडाळलं नाही. इथं लिहायला काय हरकत! माझा पहिला अब्राम चार महिन्यांचा गेला. फासळ्या अशाच मऊ. सासूबाई म्हणाल्या, "तूच दुपट्यात आवळून बांधलंस." त्रेचाळीस वर्षं झाली.

८ फेब्रुवारी
शेजारच्या पेनरांकडची पेनरीण कोंबडीचं सूप घेऊन आली. "अगं, माशाचं तेल पाज! आमच्या पीटरचे पाय त्यानंच सरळ झाले." पीटरचे पाय अजून वाकडेच आहेत, पण सूप छान होतं. आजपासून ट्रुडीच्या दुधात तीन थेंब. लिझबेटला सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी
ट्रुडीला घेऊन विनिपेगच्या इस्पितळात गेलो. तिच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी वरून काही देता?" लिझबेट म्हणाली, "छे!" माझे कान तापले. सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, चीज करता ना?" हे मला विचारायचं! "मग नुसतं दूध ओतत राहिलं तर धरतं?" नाही हो, वासराच्या पोटातला रस लागतो, चमचाभर.

"हाडालाही तसाच एक रस लागतो. बाळाचं हाड आधी कुर्चा असतं, कानासारखं मऊ. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, बसायला हवा, पण शरीरातच एक अडवणूक असते. हा रस ती मोडून काढतो. ट्रुडीत तो फारच कमी आहे, म्हणून चुना रक्तातच फिरत राहतो."

म्हणजे मी दूधच ओतत होते की! आपल्या मेनोनाइट पंथाच्या लोकांत हा आजार जास्त आहे म्हणे. असणारच, सगळी लग्नं आपापसात. पेनरीण माझी दोन बाजूंनी बहीण लागते!

आता तो रस सुईनं देणार. गाडीत लिझबेटनं ट्रुडीची उशी नीट केली. मग म्हणाली, "आई, चीज तुमच्याकडे, औषध माझ्याकडे." मी हसले. मग तीही हसली.

२ मार्च
सुई. आठवड्यातून तीनदा. मांडीवर लाल गाठ येते. ट्रुडी रडते, योहान बाहेर जाऊन बर्फ उपसतो. कालच उपसलेला!

२२ मे
धरलं! धरलं! फेब्रुवारीच्या एक्स-रे फोटोत हाडांची टोकं कुरतडल्यासारखी होती, मध्ये नुसतं धुकं. आज मनगटाशी पांढरी रेघ — मलासुद्धा दिसली, चष्म्याशिवाय! घरी येऊन तीन ताटं पाव भाजले, जोडीचे, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा बसवलेले. एका ताटात मीठ विसरले. तरी सगळे संपले.

२७ मे
रविवारी दुपारच्या कॉफीला सगळे आले. ट्रुडीनं पेनरिणीला लाथ मारली. चांगली टणक!

११ जून
घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. माझ्यातही तो रस कमी आहे. बाईंनी विचारलं, "पूर्वी घरात असं बाळ कुणाला झालं होतं?" अब्रामचं सांगितलं. दुपट्याचंही सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आजी, दुपट्यानं असं होत नाही. त्याच्यातही हाच रस नसणार."

१२ जून
आज ट्रुडीला मी गुंडाळलं. चांगलं घट्ट.