घेतलेला चान्स

वाशी,
६ जून १९८३

ती. दादास,
सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं आमसुलांचं पार्सल पोचलं. मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जाऊ लागले आहे. इथल्या ऑफिसांत इंग्रजीशिवाय दारात उभं करत नाहीत. हे म्हणतात, मराठीतच पुरून उरतेस, आता इंग्रजीतही भांडशील.

बाईंनी लक, चान्स, फेट आणि डेस्टिनी यांची वाक्यं करून आणायला सांगितली आहेत. आपण सगळ्यालाच नशीब म्हणतो. सोडतीत हा ब्लॉक लागला तेव्हा शेजारी लक म्हणाले, सासूबाई योग म्हणाल्या. खरा फरक काय? चिपळूणभरच्या पोरांना शिकवतोस, थोडं बहिणीलाही शिकव.

यांना मात्र टेन्शन आहे. कारखान्यात ॲसिडच्या पाइपाचा जोड ठिबकतोय. यांनी दोनदा सांगितलं, तर मॅनेजरसाहेब म्हणाले की दिवाळीला प्लँट बंद ठेवू तेव्हा बघू, तोवर चान्स घ्यायला हरकत नाही. यांच्या हाताखालचा शिवा त्या जोडाखालीच काम करतो. महापे गावचा, शेतं कारखान्यांसाठी गेल्यावर इथं लागला. त्याची बायको गोजरा रविवारी आली होती, बराच वेळ बसली.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनीती


चिपळूण,
१५ जून १९८३

चि. सौ. सुनीतीस,
दिनानाथचे अ. उ. आ.

अभ्यास बहिणीचा आणि गृहपाठ भावाचा, ही पद्धत जुनीच. तर ऐक. लक म्हणजे वाट्याला आलेलं, बरं किंवा वाईट. फेट म्हणजे आधीच ठरलेलं आणि बहुधा वाईटच. डेस्टिनी म्हणजे फेटा बांधलेली फेट, ती थोरामोठ्यांना असते.

चान्स जपून वापर. आपण तो संधी म्हणून वापरतो, तो एक अर्थ. ‘बाय चान्स’ म्हणजे आपोआप, कोणाच्या मनात नसताना घडलेलं. आणि ‘टेक अ चान्स’ म्हणजे धोका ठाऊक असून पत्करलेला. शब्द एकच, पण ‘बाय चान्स’मध्ये करणारा कोणी नाही, ‘टेक अ चान्स’मध्ये आहे.

नंदकुमारांना म्हणावं, जपून राहा. साहेबांशी वाद नको. सासूबाईंना नमस्कार. पत्रं येत राहू देत, त्यावरच आमची करमणूक चालते.

तुझा,
दादा


वाशी,
३ ऑगस्ट १९८३

ती. दादास,
शि. सा. न.

तार मिळाली असेल. तू येऊ नकोस म्हणून कळवलं, कारण इस्पितळात एकालाच बसू देतात.

तो जोड फुटला. शिवा जागच्या जागी गेला. हे त्याला ओढायला धावले आणि ॲसिड यांच्या तोंडावर आलं. दोन्ही डोळे गेले, दादा. पट्ट्या काढताना डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. पट्ट्या निघाल्यावर यांनी विचारलं की अजून सोडताय ना.

मॅनेजर फळं घेऊन आले. इंग्रजीत म्हणाले, बॅड लक, फेट. मग भेटायला आलेल्या गोजराकडे वळून मराठीत म्हणाले की देवापुढे कोणाचं चालतं? ती रडत नव्हती. म्हणाली, देवाचं नाव कशाला घेताव, पाइप देवानं बसवलेला हाय काय?

आता खरं सांगते. सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला यायचे आहेत. मॅनेजर म्हणतात, यांनी सांगायचं की जोड आधी कधी ठिबकला नव्हता. तसं केलं तर मला ऑफिसात कायमची नोकरी आणि यांचा पुढचा सारा उपचार कंपनीकडून. हे ते ऐकून भिंतीकडे वळले. मला म्हणाले, तू ठरव. मी काय करू? लवकर लिही.

सुनीती


चिपळूण,
११ ऑगस्ट १९८३

चि. सौ. सुनीतीस,
अ. उ. आ.

दोन पत्रं फाडली, हे तिसरं. शिवा आता परत येत नाही. नंदकुमारांचे डोळे येत नाहीत. खरं बोलून कोणाचं काय भरून निघणार? प्रारब्ध म्हण आणि नोकरी घे. मी मास्तर माणूस, तुम्हा तिघांना सांभाळायची माझी ऐपत नाही, ही लाज बाळगूनच लिहितो आहे.

रागावलीस तरी चालेल, पण लिहिणं सोडू नकोस.

दादा


वाशी,
२० नोव्हेंबर १९८३

ती. दादास,
सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही. रागावले होते, आता नाही. तू भ्यालास, तशी मीही भ्याले होते.

चौकशीला मी यांचा हात धरून गेले. गोजरा बाकावर बसली होती. इन्स्पेक्टर परप्रांतातले, सगळं इंग्रजीत चाललं. मॅनेजर म्हणाले की जे झालं ते बाय चान्स झालं. तेवढं मला कळलं. मी उभी राहिले. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले की नाही सर, बाय चान्स नाही, या मॅनेजरसाहेबांनी चान्स घेतला, आणि तो स्वतःच्या जिवावर नाही घेतला. मग यांनी दोन्ही तक्रारींची हकीकत सांगितली. गोजरानं काय बोललात म्हणून विचारलं, तेव्हा मी तिला मराठीत सांगितलं. तिनं माझा पदर घट्ट धरून ठेवला.

नोकरी अर्थातच गेली. मी एका दवाखान्यात नंबर पुकारायला बसते. कोर्टात तारखा पडताहेत. मॅनेजरांची बदली झाली, बढतीवर. कारखाना सुरू आहे.

आणि शिवाच्या जागी त्याचा धाकटा भाऊ नामा लागला आहे. गोजरानं त्याचे पाय धरले, नको म्हणाली. पण शेत नाही, दुसरं काम मिळेना, घरात चार तोंडं. तोही त्याच कामावर गेला.

तो सुटला की रोज इकडून जातो. चहा घेत नाही, दारातच उभा राहतो. हे उठतात, चाचपडत त्याच्यापर्यंत जातात. त्याचं कपाळ, डोळे, गाल, हनुवटी, सगळं बोटांनी नीट बघतात. मग म्हणतात, जा आता घरी.

वहिनींना नमस्कार. जमेल तेव्हा येऊन जा.

तुझी,
सुनीती