माचू पिच्चूच्या पायऱ्यांवर पाणी ओतण्याबाबत

प्रति,
मा. सचिव, उपक्रम विभाग,
खाडीकाठ मराठी कुटुंब संघ,
ऊद मेथा, दुबई.

विषय : मुलांच्या शनिवार वर्गातील अपूर्ण धड्याचे एक तासाचे सत्र घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, दि. ७ नोव्हेंबर २०२५.

महोदया,

१. अर्जदार खडी व माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. त्याची पत्नी दर्शना संघाच्या अकरा मुलांना माचू पिच्चू, म्हणजे पेरूच्या डोंगरातील इंका लोकांचे ओसाड शहर, शिकवत होती. ते परग्रहवासीयांनी बांधले, असे मुलांनी व्हिडिओत पाहिले होते. तिने वाद घातला नाही. तेथील पायऱ्यांच्या शेतांचा नमुना तिने काचेच्या पेटीत करून घेतला : तळाशी दगड, त्यावर खडी, वाळू, माती. वरून ओतलेले पाणी माती वाहून न नेता तळातून बाहेर पडावे, अशी अपेक्षा आहे. हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

२. पाणी ओतण्याचे सत्र २० सप्टेंबरला ठरले होते. दर्शनाचे १७ सप्टेंबरला निधन झाले.

३. नियम ७ प्रमाणे बदली शिक्षक मूळ शिक्षकाने स्वतः लेखी नेमावा लागतो. त्यासाठी तिने 'प्रकृती सुधारल्यावर कार्यालयात यावे', असे आपण कळवले होते. मृत्यूचा दाखला सादर केल्यावर हे वाक्य वगळण्यात आले, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे.

४. लेखी नेमणूक अस्तित्वात आहे. तिच्या वहीत पान १४ वर लिहिले आहे : 'पाणी ह्यांनी ओतायचे. मुलांनी आधी बघायचे, मग भांडायचे.' यात नाव नाही, हा आपला आक्षेप वस्तुतः बरोबर आहे. एकवीस वर्षांत तिने अर्जदाराचे नाव घेतले नाही. देरा येथे मेट्रो स्थानकात चुकामूक झाली तेव्हाही तिने 'अहो, निळा शर्ट' अशीच हाक मारली व तीन अनोळखी पुरुष वळले. ही तिच्या माहेरची रीत. या रीतीस कोणताही शास्त्रीय आधार नसल्याचे अर्जदाराने वेळोवेळी सांगितले होते. तथापि वर्गाच्या परवान्यावरील तिच्या सहीत मधले नाव अर्जदाराचेच आहे. ते तिने लिहिले. उच्चारले नाही, इतकेच.

५. येत्या २२ तारखेला हा नमुना 'बांधकामाचा राडारोडा' म्हणून कोठारातून हलवला जाणार आहे. वजन ५२ किलो आहे. हलवताना थर मिसळतील. पुन्हा चाळून वेगळे करणे प्रयोगशाळेत शक्य आहे. परंतु ते तिने लावलेले थर राहणार नाहीत.

६. वर्गातील रुहान, वय नऊ, लिफ्टमध्ये भेटला. "अंकल, आंटी सेड वॉटर नेक्स्ट सॅटर्डे. विच सॅटर्डे?" असे त्याने विचारले. अर्जदाराने तिसरा मजला आला असल्याचे सांगितले.

तरी शनिवार, दि. १५ रोजी एक तास व नळाचे आठ लिटर पाणी मिळावे. नेमणूक अमान्य झाल्यास अर्जदारास केवळ पाणी वाहून आणणारा इसम म्हणून प्रवेश द्यावा. पाणी तळातून न आल्यास मुलांना तसे सांगण्यात येईल.

बादलीसह हजर राहण्यास तयार असलेला,
आपला नम्र,
(सही)
रामेश्वर तेरवणकर
दुबई, दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. मृत्यूचा दाखला (तिसरी प्रत)
२. विवाह नोंदणीचा दाखला
३. वर्गाच्या परवान्याची प्रत, सहीसह
४. वहीचे पान १४, मूळ. काम झाल्यावर परत मिळावे.