तुऱ्यातली नळी

नाना, बागेतला तुमचा तुरेवाला डायनोसॉर काल पाडला. मी कुंपणाशी उभी होते. तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली, तरी आधी वाटलं ते हेच, की घरी जाऊन तुम्हाला सांगावं.

अजून डोळ्यांसमोर आहे, पंचवटीतल्या शेडमध्ये तुम्ही त्याला सिमेंटने घडवताय. मी दहा वर्षांची, हातात ब्रश. डोक्यावरून मागे गेलेला लांब तुरा मला शिंग वाटतो. "शिंग नाही गं, आतून पोकळ असतो. नाकातली हवा वर जाते, वळून खाली येते आणि आवाज घुमतो. कळप पांगला की अशीच हाक मारत असतील." वाचनालयाचं ते एक पुस्तक महिनाभर तुमच्या उशाशी होतं. द्राक्षबागेतला जुना पाइप वाकवून तुऱ्यात बसवण्याआधी तुम्ही तो फुंकलात. खोल, घोगरा आवाज आला. आई आतून ओरडली, "पुरे हो, म्हशी येतील दारात!"

मग मी त्याच्या तोंडाला सुळे रंगवले. तुम्ही सगळ्या कारागिरांसमोर भडकलात. "अक्कल आहे का? चोचीनं पाला ओरबाडतो तो, मागच्या शेकडो दातांनी रवंथ केल्यासारखा दळतो. वाघ केलास त्याचा!" सगळे हसले. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी रंग पुसायची निळी चिंधी त्याच्या नाकपुडीतून काठीने पार आत, पाइपात ठासली.

बागेत उभा केल्यावर लोकांसमोर तुम्ही शिडीवर चढून नाकपुडीला तोंड लावलंत. एकदा, दोनदा. मान लाल झाली. "सर्दी झालीय त्याला मिस्तरी, वाफ द्या!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. तुम्ही खाली उतरलात, "माप चुकलं," एवढंच बोललात. त्यानंतर तुम्ही तयार साच्यात ओतायची कामं सोडून, स्वतःच्या हाताने घडवायचं एकही काम घेतलं नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायचात, "ते आपल्याला जमत नाही." मी शेजारी बसून ऐकत असे.

काल मजुराने तुरा फोडला, पाइपाचे तीन तुकडे झाले. "ताई, हे भंगारच आहे, न्यायचं तर न्या." एका तुकड्यात निळी चिंधी होती, दगडासारखी झालेली. घरी आणून ती खरवडून काढली, तुकडे चिकटपट्टीने जोडले, फुंकून पाहिलं. नुसती हवा.

माप बरोबर होतं, नाना. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. दवाखान्यात शेवटच्या दुपारी तुम्ही विचारलं होतंत, "त्याचा तुरा जरा आखूड हवा होता का गं?"

मी म्हणाले होते, "हो, थोडासा."