फोटोतली चोळी

८ ऑक्टोबर, रविवार

पेटी उघडली! नात हेतवी सकाळपासून मागं लागली होती – बा, चोळी काढ, बा, चोळी काढ. काढली शेवटी. पन्नास वर्षं होत आली, पण एक आरसा निखळलेला नाही. माझ्या आईनं भरलेली. तिचे टाके म्हणजे! लाल दोरा तेव्हा जेतपूरहून आणायचे, तोही उधार नाही मिळायचा – असो, भरकटले.

पोरीला बसली नाही. बटणं चार बोटं लांब राहिली.

यंदा अष्टमीला आमच्या गल्लीचा गरबो हेतवीनं घ्यायचा, असं बायकांनी ठरवलंय. छिद्रांचा घट, आत पेटता दिवा, तो डोक्यावर घेऊन देवीभोवती पाच फेऱ्या. भिंतीवरच्या फोटोत मी तशीच उभी आहे ना – सतरा वर्षांची, हीच चोळी, डोक्यावर गरबो. घरात येईल त्याला दाखवते मी!

"बा, तू ह्यात मावत होतीस?"

"मावत? सैल व्हायची! मूठभर कंबर होती माझी."

पोर किती वेळ फोटोकडे बघत राहिली. मला असा आनंद झाला! फोटोचं बाकीचं सांगायचं राहिलं. राहू दे.

१० ऑक्टोबर, मंगळवार

हेतवीच्या पाठीला बेसन, दही आणि चिमूटभर हळद लावली. पाठ उघडी राहणार, मग चकाकायला नको? तळव्यांना एरंडेल. माझ्याही तोंडाला थोडं बेसन लावलं, उरलं होतं म्हणून. सूनबाई दक्षा हसली – "बा, तुम्हालाही स्पर्धेत उतरायचंय का?" म्हटलं, का नाही!

पोर नुसतं लिंबूपाणी पितेय. म्हणते, नवरात्राआधी सगळ्या मैत्रिणी असंच करतात.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभरात दोन काकड्या. मी मोजल्या.

मग मी एक युक्ती केली. आईनं चोळीच्या दोन्ही बाजूंना शिवणीत भरपूर माया – आत दुमडलेलं जादा कापड – सोडलेली आहे. एक ओळ उसवली, बोटभर बाहेरून शिवली. जुन्या टाक्यांची भोकं इस्त्रीनं बुजवली. संध्याकाळी घालून बघितली तर – "बा! उतरले मी!" मिठीच मारली. आता जेवेल म्हटलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

घट बसला. नऊ दिवसांचा उपास धरलाय म्हणाली हेतवी. मोरैयो म्हणजे भगर नाही, राजगिरा नाही, बटाटा नाही. दक्षा ओरडली तर म्हणते, "मम्मी, माताजीच्या उपासाला नाही म्हणतेस?" झालं! माताजीचं नाव आलं की आमच्या घरात कुणाची जीभ उचलत नाही. माझी तर नाहीच.

समोरची रळियात आली होती. तोंडाला कुलूप नाही तिच्या. "झवेर, तुझी पोर गरबो घेणार की गरबो तिला घेऊन जाणार?" मी हसले. हसायला नको होतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

हेतवीच्या कपाटात रुमाल सापडला. आरतीची गूळ-तुपाची सुखडी, सात वड्या. मुंग्या लागलेल्या. प्रसाद कपाळाला लावून घेते आणि गाठीला बांधते! आमच्यात प्रसाद नाकारत नाहीत, म्हणून.

१८ ऑक्टोबर, बुधवार

काल रागात आणखी बोटभर उसवली. आता तरी थांबेल!

थांबते कुठली. आरशासमोर उभी राहून म्हणते, "अजून दोन बोटं बा, मग मी अगदी फोटोतली तू!"

सुई हातातच राहिली माझ्या. म्हणजे मी उसवतेय आणि तिला वाटतंय, उपाशी राहून फळ मिळतंय. जितकी मी सैल करते तितकी ती जेवण सोडते. काय करून बसले मी!

कंगव्यात तिच्या केसांचा पुंजका होता. दक्षाला दाखवावा म्हटलं. दाखवला नाही. दाखवला असता तर चोळीचंही सांगावं लागलं असतं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पडली! दुपारी गच्चीवर रिकामं मडकं डोक्यावर घेऊन सराव करत होती. धप्प आवाज आला. गुडघे विसरून पळत वर गेले. मडक्याचे तुकडे, मध्ये पोर, ओठ पांढरे. साखरपाणी चमच्यानं घातलं तेव्हा डोळे उघडले. पहिला शब्द काय? – "बा, ह्यात किती साखर होती?"

डॉक्टरनं रक्त तपासलं. माझ्याकडे बघून बोलला, जशी मीच चोर – "आजी, हिच्या अंगात काही उरलेलं नाही. आठवडाभर गरबा बंद. खायला घाला."

घरी आल्यावर हेतवी म्हणते, "अष्टमीला मी घेणारच."

रिकामं मडकं पडलं ते एक. परवा त्यात दिवा असेल. तूप असेल. मोकळे केस, घागरा, ओढणी. डोळे मिटले की तेच दिसतं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. सगळं.

फोटो उतरवून तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "हेतवी, हा फोटो खोटा आहे."

"फोटो कसा खोटा असेल, बा?"

"त्या वर्षी मला श्रावणापासून टायफॉइड होता. चाळीस दिवस भाताची पेज. ओढणीखाली डोक्यावर केस नव्हते माझ्या. कंबर मूठभर होती, कारण मी मरायला टेकले होते! फोटोवाला गल्लीत आला म्हणून आईनं सजवून दोन मिनिटं उभी केली."

"आणि गरबो?"

"फोटोपुरता. एक फेरीही घातली नाही. नऊ दिवस खाटेवर पडून ऐकला. पुढच्या वर्षी लग्न झालं, इकडे आले. मग राहिलंच."

तिचा विश्वास बसेना. मग दाखवलं – फोटोत माझ्या डाव्या कोपराखाली चार गोंडे आहेत ना? आयुष्यभर सगळ्यांना ओढणीचे गोंडे म्हणून सांगितले. ते गोंडे नाहीत. माझ्या आईची बोटं आहेत. मागून धरलं होतं तिनं मला.

मग चोळीचंही सांगितलं. उसवल्याचं.

"म्हणजे तू मला फसवत होतीस?"

"हो."

"आणि ती मूठभर कंबर? लहानपणापासून ऐकतेय मी!"

ती उठून गेली. दार लावून घेतलं. ताट बाहेर निवलं.

२२ ऑक्टोबर, अष्टमी

दार बंद. दक्षाला कळलंय सगळं. माझ्याशी बोलत नाही, भांडी आपटतेय. पण सकाळी बाहेरून म्हणाली, "हेतवी, बेटा, पाणी तरी पी." आत पाण्याचा आवाज आला. आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या, सासू-सून!

दुपारी कुमारिकांना जेवायला बसवलं. आठ पोरी आल्या, नववा पाट रिकामा. नऊ झाल्याशिवाय वाढायचं कसं? रळियात म्हणाली, "माझी म्हैस आणू का, तीही कुमारिकाच आहे." पोरी खिदळल्या.

आणि दार उघडलं. हातात चोळी. चेहरा सुजलेला.

"बा, ह्यात माया किती उरलीय?"

"संपली गं. सगळी उसवली."

"मग कापड जोड."

आणि पाटावर बसली! एक पुरी. थोडी खीर. मग दुसरी पुरी. मी मोजत होते, ती म्हणाली, "बा, मोजू नको." बरं म्हटलं. माझ्या हिरव्या साडीचा पदर कापला. जोड लावायला घेतेय आता. संध्याकाळ व्हायच्या आत व्हायला हवा. गरबो कोण घेणार, कुणी बोलत नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

गरबो मी घेतला! हेतवीनंच ठेवला माझ्या डोक्यावर – "डॉक्टरनं मला नको म्हटलंय. तुला कुठं म्हटलंय?" पाच फेऱ्या. ती मागून चालत होती, चोळीला दोन्ही बाजूंनी हिरवा जोड. एका हातात सुखडी, खात खात. दुसरा हात माझ्या डाव्या कोपराखाली.

दक्षानं फोटो काढलाय. बोटं स्पष्ट आलीत.